मऊरानीपूरचा हिरवा दोरा

दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हाताच्या करंगळीला गुंडाळलेलं, चष्मा कपाळावर आणि नाक भिंतीवरच्या फळीला जवळजवळ टेकलेलं. अशा अवस्थेत ते तासन्‌तास उभे असत, आणि दातातला दोरा न सोडता बोलत. त्यामुळे त्यांचं बोलणं दाढ दुखणाऱ्या माणसासारखं ऐकू येई. बोलणं तरी काय, बहुधा एवढंच: "बसेल, बसेल. कुणीतरी सरकलं पाहिजे."

हे वाक्य तुम्हीही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात ऐकलं असेल. वळकटी काखेत धरून आत शिरणारा प्रत्येक माणूस तेच म्हणतो. आमचे हे गृहस्थ मात्र माणसांना नव्हे, गाड्यांना सरकवत. झाशीच्या रेल्वे कचेरीत गाड्यांच्या वेळा ठरवणाऱ्या शाखेचे ते मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखालचा सर्वांत निरुपयोगी माणूस. हे माझं मत नाही, तिथलं एकमत होतं.

कोळशाच्या इंजिनांचे दिवस. नगर जिल्ह्यातून बदली होऊन मी झाशीला आलो, तेव्हा माझी समजूत अशी की, वेळापत्रक हे कडुनिंबासारखं आपोआप उगवतं. मग ती फळी पाहिली. भिंतभर रुंद, मऊ लाकडाची, वर कागद डकवलेला. डावीकडून उजवीकडे दिवसाचे तास, वरून खाली स्टेशनं, आणि एकेका गाडीचा एकेक दोरा टाचण्यांना ताणून बांधलेला. मेलला लाल, पॅसेंजरला हिरवा, मालगाडीला काळा. जिथे रूळ एकेरी, तिथे समोरासमोरच्या गाड्यांचे दोरे एकमेकांना फक्त स्टेशनाच्या रेघेवरच छेदले पाहिजेत, कारण एकीनं बाजूला उभं राहायची सोय तिथेच. एवढा एकच नियम. एवढाच मी मोडला.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला एक मालगाडी बसवायला दिली. मी ती बसवली आणि हात मागे बांधून उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाहिलं, आणि म्हणाले, "नगरवाले, चहा घ्या."

"कशाबद्दल साहेब?"

"आधी घ्या. मग सांगतो."

मी चहा घेतला. बिस्किटही घेतलं. मग ते शांतपणे म्हणाले, "तुमची मालगाडी आणि पॅसेंजर दोन स्टेशनांच्या मधे समोरासमोर आल्या. ड्रायव्हर, गार्ड, गाडीभर माणसं, सगळी गेली जी. आता तो दोरा सोडा, म्हणजे बिचारी उठून बसतील."

मी दोरा सोडला. एका हाताने इतक्या लोकांना जिवंत करण्याचा योग मला पुन्हा आला नाही. मारण्याचा मात्र आणखी दोनतीनदा आला, आणि दर वेळी आधी चहा मिळाला.

त्यांचं घराणं झाशीचं जुनं मराठी. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर आले आणि राहिले. त्यांच्या मराठीत माझ्या आजीच्या तोंडचे शब्द असत आणि मधे मधे हिंदी शिरलेलं असे. "न्याहारी झाली का? फुरसत मिळाली की या जी घरी." कचेरीतले हिंदी लोक त्यांना पंडितजी म्हणत. मी कचेरीत साहेब म्हणे आणि सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरी गेलो की काका. घरी काका म्हणण्याचं कारण काकू. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "या घरात कोणी साहेब राहत नाही. काका म्हणा, नाहीतर चहा मिळणार नाही."

आणि या काकूंचीच सगळी गोष्ट आहे.

काकू मऊरानीपूरच्या मुलींच्या शाळेत शिकवत. झाशीहून तिकडे जायला सकाळी एकच पॅसेंजर, आणि ती पाचला सुटे. म्हणजे काकू चारला उठायच्या. गाडी त्यांना सातच्या आत मऊरानीपुरात उतरवी आणि शाळा उघडे दहाला. मधला सगळा वेळ त्या शाळेच्या पायरीवर शाल गुंडाळून बसत. पुढची गाडी दुपारची, तिचा उपयोग नाही. गाडी तासभर जरी उशिरा सुटली असती, तरी काकू शाळेत वेळेवर पोचल्या असत्या. आणि गाडी कधी सोडायची हे ठरवणारा माणूस रोज रात्री त्यांच्याच शेजारी जेवायला बसत होता.

कचेरीत यावरून टोमणे चालत. आमचे मुख्य कारकून पानाचा तोबरा सावरत म्हणायचे, "पंडितजी, दुनिया भर की गाड़ियाँ खिसकाते हो, भाभीजी की नहीं खिसकती?"

"उनकी गाड़ी नहीं है भैया, रेल की है," असं म्हणून ते पुन्हा दोरा दातात धरत. दोरा दातात असला की पुढचं बोलायचं टळतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या हिवाळ्यात काकूंना दमा जडला. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं की पहाटेचा गारवा यांच्या छातीला चालणार नाही. पहाट सोडा, नाहीतर नोकरी सोडा. नोकरी सोडण्याचं नाव काढलं की काकूंचा दमा वाढायचा. तीन पिढ्यांच्या घरात पगार आणणारी ती पहिली बाई, आणि शाळेतल्या मुली त्यांना सोडायला तयार नाहीत. तेव्हा त्या सकाळी मफलर बांधून खोकत स्टेशनवर जातच राहिल्या. काका सोबत कंदील घेऊन जात, त्यांना बसवत, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहत.

माझ्या मुलीचं बारसं त्याच दिवसांतलं. क्वार्टर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्यामधे एक बोळ, इतका अरुंद की दोन वाढपी समोरासमोर आले तर एकाची आमटी दुसऱ्याच्या अंगावर. पंगत अंगणात. काकांनी जागा पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा सिंगल लाइनचा मामला आहे."

एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हाती एक गोळा देतात. तो हाती असल्याशिवाय पुढच्या टप्प्यात गाडी घालायची नाही. गोळा एक, म्हणून गाडीही एकच. काकांनी माझ्या बायकोचं लाटणं मागून घेतलं आणि जाहीर केलं की ज्याच्या काखेत लाटणं तोच बोळात शिरेल. पलीकडे पोचला की ते तिकडून येणाऱ्याला देईल. वाढपी सगळे रेल्वेचेच, दोन गार्ड, एक फायरमन, बाकी कचेरीतले. त्यांना हे एकदा सांगून पुरलं. पंगत अशी धावली की पहिला भात संपायच्या आत दुसरा पानात.

तेवढ्यात तूप कमी पडलं. मी यजमान. उत्साहानं अंगणातून बोळ ओलांडून पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि शेजाऱ्यांकडे तूप मागायला गेलो. शेजारी बोलघेवडे, मी त्यांच्याहून. परत आलो तर घरात सामसूम. अंगणात माणसं कोरड्या भाताकडे पाहत बसलेली. बोळाच्या या टोकाला तीन वाढपी बादल्या घेऊन ओळीनं उभे, त्या टोकाला दोन. बोळ रिकामा. माझी बायको कपाळावर हात मारून ओरडत होती, "अहो, कुणी नाहीये मधे! जा की!"

सगळ्यात पुढे उभा होता तो गार्ड. दुःखी चेहऱ्यानं, पण ठामपणे म्हणाला, "भाभीजी, गोला नहीं है।"

लाटणं माझ्या काखेत होतं.

काकांनी ते माझ्या काखेतून काढून घेतलं आणि फक्त म्हणाले, "नगरवाले, तुपासाठी मेल थांबवलीत." लोक हसून हसून लोळले. मी वळून काकूंकडे पाहिलं, त्यांनाही हसू आलं असेल म्हणून. त्या संध्याकाळच्या गाडीनं मऊरानीपूरहून थेट आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, हातात डाव धरून, एवढ्या गोंधळात गाढ झोपलेल्या होत्या.

जवळ गेल्यावर त्या दचकून जाग्या झाल्या. "डोळा लागला हो जरा. चारला उठायची सवय, रात्री खोकला. झोप कशाशी खातात ते विसरलेय."

"काकू, तुम्ही काकांना सांगत का नाही?"

"काय सांगू? बायकोसाठी गाडी हलवा म्हणून?" त्यांनी डाव आमटीत बुडवला. "हलवली असती तर मीच भांडले असते. आणि हलवत नाहीत म्हणून मनातल्या मनात भांडते. तुम्ही वाढा पुढे."

दुसऱ्या दिवशी काका बैठकीला गेले होते. मी त्यांच्या फळीसमोर उभा राहिलो, चष्मा नसल्यामुळे कपाळावर हात ठेवला, दोरा दातात धरला आणि मऊरानीपूरची पॅसेंजर तासभर पुढे सरकवली. आणि काय सांगू, बसली! एकही माणूस मेला नाही. मी स्वतःसाठीच चहा मागवला.

काका आले. चष्मा कपाळावर चढवून फळीला नाक टेकवलं.

"बसली की जी," ते म्हणाले.

"बसली साहेब!"

मग त्यांचं बोट समोरून येणाऱ्या दुसऱ्या हिरव्या दोऱ्यावर आलं. त्याच वेळी मऊरानीपूरहून सुटून झाशीला येणारी गाडी. "तुमची गाडी येईपर्यंत हिला तुम्ही मधल्या स्टेशनावर तासभर उभं केलंत. हिच्यात कोण असतं?"

"दूधवाले."

"वैशाखात दूध तासभर उभं राहिलं तर?"

"फाटेल."

"आणि मागच्या दोन डब्यांत?"

मला माहीत होतं. गरौठ्याकडची माणसं रात्रभर बैलगाडीत हलत येऊन ती गाडी पकडत, झाशीच्या मोठ्या इस्पितळात सकाळचा नंबर लागावा म्हणून. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या खांद्यावर म्हातारी.

"कुणीतरी सरकलं पाहिजे हे मी म्हणतो खरं," काका म्हणाले, "पण ती माणसं आणखी कुठं सरकणार?" त्यांनी माझा दोरा सोडला आणि जुन्या जागी बांधला. संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "माणूस नाही तो, मैलाचा दगड आहे. जागचा हलायचा नाही."

पुढे वेळापत्रक बदलायची वेळ आली. जुना कागद सोलून नवा डकवायचं काम नेहमीप्रमाणे मला मिळालं, कारण त्यात मारायला कुणी नव्हतं. ओल्या फडक्यानं कागद भिजवून मी तो पट्ट्यापट्ट्यांनी ओढत होतो. खालचं लाकूड कित्येक वर्षांचं. त्यात टाचण्यांची भोकं. एखादी गाडी बसवताना दोनचारदा टाचणी इकडची तिकडे करावीच लागते, त्यामुळे प्रत्येक गाडीच्या जागी दोनचार भोकं होतीच.

मऊरानीपूरच्या पॅसेंजरच्या जागी लाकडाची चाळण झाली होती. पाचच्या पुढे, सहाच्या पुढे, सहा आणि सातच्या मधे, प्रत्येक स्टेशनाच्या रेघेवर, भोकाला लागून भोक. काही ठिकाणी लाकडाचा भुगा होऊन खळगा पडला होता. मी बोट फिरवलं तर आत गेलं.

मागे काका उभे होते.

"साहेब, ही भोकं..."

"वाळवी असेल," ते म्हणाले. "झाशीत वाळवी फार." आणि खिशातून मेण काढून ते खळगे भरू लागले.

मी खळ कालवत राहिलो. खळ पातळ झाली. कागद पुढे महिनाभर सुटत होता.

नवीन वेळापत्रक लागलं. पॅसेंजर पाचलाच. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी काकांनी दातातला दोरा काढून ठेवला, नीट गुंडाळला, आणि कचेरीला सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मी मऊरानीपुरात राहणार. तिथं घर पाहिलंय."

मुख्य कारकुनांचं पान थांबलं. "झाँसी छोड़ दोगे, पंडितजी?"

हा प्रश्न किती मोठा होता हे मला, नगर सोडून आलेल्याला, तेव्हा कळलं नाही. त्या जुन्या घराण्यांतली माणसं झाशी सोडत नसत. मुंबई-पुण्याच्या नोकऱ्या नाकारून तिथेच राहिलेले लोक. आमच्या मराठी मंडळातल्या एका म्हाताऱ्यांनी काकांना तोंडावर सुनावलं, "फौजा आल्या नि गेल्या, आपण हललो नाही. तुम्ही बायकोच्या शाळेपायी हलता?" मऊरानीपुरात मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. गणपतीला, हळदीकुंकवाला, कशालाच कुणी नाही.

काका म्हणाले, "गाडी हलत नाही ना. मग मी हलतो."

तेव्हापासून काकू सातला उठू लागल्या आणि काका चारलाच. शाळा आता घरापासून दोन गल्ल्यांवर. काका मात्र पहाटे त्या दुधाच्या गाडीत चढून झाशीला येत. डब्यात बसायला जागा नसे, दुधाच्या कॅनच कॅन. दूधवाल्यांनी त्यांना एक पालथी कॅन बसायला दिली होती. काका कोण आहेत हे दूधवाल्यांना माहीत नव्हतं. "बब्बा, तनक पाँव समेटो," असं म्हणून ते काकांनाच सरकवत. कचेरीत ते आले की कोटाला दुधाचा वास येई, आणि आमच्या कचेरीतलं मांजर, जे आजवर माझ्याच डब्याच्या आशेवर जगत होतं, ते मला सोडून त्यांच्या मागे लागलं.

काकूंचा खोकला उन्हाळ्यापर्यंत कमी झाला. काकांचं मात्र वय एकदम दिसायला लागलं. दुपारी फळीसमोर उभ्या उभ्याच त्यांना डुलकी लागे, दोरा दातात तसाच. आम्ही कुणी हाक मारत नसू. थोड्या वेळानं स्वतःच जागे होत आणि जणू काही झालंच नाही असं म्हणत, "बसेल." एकदा मी म्हटलं, "काका, थकलात." कचेरीत काका म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. म्हणाले, "थकायला होतं जी. पण संध्याकाळी घरी जातो ना, तर ती गात असते. स्वयंपाक करताना. किती वर्षांनी."

त्यांनी झाशी सोडल्याची शिक्षा मला झाली. आमच्या गणपतीच्या मिरवणुकीला विसर्जनाच्या वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. काका झाशीत असेपर्यंत मिरवणूक कुठल्या चौकात किती रेंगाळायची, लेझीम कुठं आवरायची, हे सगळं ते ठरवत, आणि देव कधीही फाटकाशी थांबला नाही. ते मऊरानीपूरला गेल्यावर हे काम मंडळानं माझ्याकडे दिलं, मी त्याच शाखेतला म्हणून. मी सगळं मांडून पाहिलं होतं. फक्त भरलेल्या मालगाडीला चढावर किती वेळ लागतो ते विसरलो. फाटक पडलं. कोळशाच्या वाघिणी एकामागून एक जात राहिल्या, सगळी मराठी मंडळी गुलाल लावून उभी, ताशेवाल्यांचे हात दुखून थांबले, आणि गणपतीच्या पांढऱ्या शुभ्र सोंडेवर कोळशाची बारीक काजळी बसली. मंडळातले तेच म्हातारे माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला बोलवा परत." आता सगळ्यांना आठवण आली.

ते परत आले नाहीत. निवृत्तीपर्यंत त्याच कॅनवर बसून येत राहिले. निरोपसमारंभात बोलायला उभे राहिले तर संध्याकाळच्या गाडीची वेळ झालेली. "माफ करा, तिला थांबवता येत नाही," एवढं बोलून हार हातात घेऊनच निघाले.

त्यांची खुर्ची मला मिळाली, यावरून त्या काळी माणसांची किती चणचण होती ते समजा. पहिल्याच हंगामात माझी फळी अडली. एक नवी गाडी आली होती आणि ती कुठेच बसेना. चारदा बांधली, चारदा सोडली. चहा आता मलाच मागवावा लागे. शेवटी एका रविवारी ठरवलं की काकांना जाऊन विचारायचं, आणि पाचच्या पॅसेंजरनं निघालो.

थंडीचे दिवस. डब्याची खिडकी लागत नव्हती. मी मफलर विसरलो होतो. मऊरानीपुरात उतरलो तेव्हा धुकं होतं आणि धान्यबाजारात अजून एकही दुकान उघडलेलं नव्हतं. पत्ता विचारायला माणूस नाही. कुत्र्यांच्या सोबतीनं गल्ली शोधली, घर सापडलं. दार बंद. कडीला हात घातला आणि आतून घोरणं ऐकू आलं. एक नाही, दोन.

मी कडी सोडली आणि पायरीवर बसलो.

पायरी बर्फासारखी गार. कोटाची कॉलर वर केली, हात काखेत घातले. शेजारची बाई अंगण झाडायला बाहेर आली. माझ्याकडे बघितलं आणि दाराच्या कडीकडे बोट दाखवून म्हणाली, "काए भैया, कुंडी काए नईं बजात?"

"सो रहे हैं," मी म्हणालो.

"सो तो रए, पै तुम तो अकड़ जैहो!"

"कोई जल्दी नहीं है, भौजी।"

तिनं मान हलवली आणि झाडू आपटत आत गेली. मी त्या नव्या गाडीचा विचार करायचा प्रयत्न केला. जमला नाही. थंडी पायातून वर चढत होती आणि डोळे मिटत होते. मला वाटलं, एवढं अंतर आलो, जरा टेकावं.

कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा धुकं निवळून गल्लीत ऊन आलं होतं. काकू दारात उभ्या. केस सुटलेले, गालावर उशीची वळी, अंगावर काकांचा कोट. आत काका अजून घोरत होते.

"अगं बाई, तुम्ही!" त्या म्हणाल्या. "कधीचे बसलात असे? आम्हाला उठायला फार उशीर झाला का हो?"

"नाही काकू," मी म्हणालो. "गाडीच लवकर येते."